पिठीसाखरेतले ठिपके

आमच्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नाही. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. पदर कपाळाच्या खाली ओढायचा, नजर जमिनीवर ठेवायची आणि जे सांगायचं ते सासूबाईंना सांगायचं, मग सासरे तिथेच हातभर अंतरावर खाटेवर का बसलेले असेनात. मी म्हणते, "आई, आबासले इचारा, भाकर वाढू का?" आबांनी ते ऐकलेलं असतंच. तरी सासूबाई वळून त्यांना विचारतात, "भाकर दिऊ का म्हनस ती." आबा सासूबाईंना सांगतात, "नही म्हन तिले." मग सासूबाई मला सांगतात, "नही म्हनतस." तोवर भाकरी गार.

माझं माहेर खांडबाऱ्याचं, स्टेशनाजवळ. वडिलांचं शिलाईचं दुकान, दिवसभर माणसांचा राबता, आणि मी जन्माची तोंडाळ. लग्न होऊन तापीकाठच्या या गावात आले तेव्हा वाटलं होतं, चार-सहा महिने चालेल हे नाटक, मग आपोआप सुटेल. वर्षांमागून वर्षं गेली, सुटलं नाही. नवरा विसरवाडीला हायवेवर टायरच्या दुकानात कामाला, आठवड्याला एकदा घरी येतो. म्हणजे घरात आम्ही तिघं, आणि तिघांत बोलणारी दोन तोंडं. तिसरं माझं, ते भिंतीकडे बघून बोलतं.

आबांना माश्यांचं वेड. मधाच्या, पेटीतल्या. काही वर्षांपूर्वी पेट्यांचा ट्रक घेऊन फिरणारा एक माणूस आमच्या शिवारात उतरला होता, त्याच्याकडून त्यांनी आधी एक पेटी घेतली. मग तळोद्याच्या मिस्त्रीकडून तशाच पेट्या बनवून घेतल्या, आणि बघता बघता शेतातल्या निंबाखाली पंधरा-वीस पेट्यांची रांग झाली. शेती त्यांनी कधीच माझ्या नवऱ्याच्या आणि बटाईदाराच्या गळ्यात घातली. ओट्यावर कुणी येऊन बसलं की त्याची सुटका नाही. राणी कशी, पिल्लं कशी, फुलोरा कोणता, सगळं ऐकूनच त्याने उठायचं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी लावत असायची. माशीबद्दल मला जे काही येतं ते त्या खिडकीतून आलेलं आहे. आबांनी मला एक शब्द शिकवलेला नाही, आणि तरी सगळं त्यांनीच शिकवलंय.

त्यांच्या त्या व्याख्यानांत दर हिवाळ्यात माइटचा विषय निघायचा. माइट म्हणजे माशीला लागणारी गोचीड म्हणा. तांबूस, चपटी, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. ती माशीच्या अंगाला चिकटते आणि माशीची पिल्लं मेणाच्या झाकणाखाली बंद असतात तिथे जाऊन वाढते. मग जन्मणारी माशी लुळ्या, चुरगळलेल्या पंखांची निघते. औषध झाकणाच्या आत पोचत नाही, म्हणून ते थंडीत द्यायचं. थंडीत राणी अंडी कमी घालते, पिल्लं कमी असतात, आणि माइट सगळी बाहेर, माश्यांच्या अंगावर उघडी पडलेली असते. एकदा धण्याचं पीक आणि बियाण्यासाठी लावलेला कांदा फुलायला लागला की पेट्यांत पुन्हा पिल्लांची गर्दी होते आणि माइट आत शिरून बसते. "मंग कपाय बडवा," असं म्हणून आबा कपाळाला हात लावत तो विषय संपवायचे.

औषध द्यायचं की नाही हे ते पिठीसाखरेवरून ठरवत. बरणीत वाटीभर माश्या घ्यायच्या, वर पिठीसाखर टाकायची, जाळीचं झाकण लावून बरणी हलवायची. साखरेने माइटचे पाय सुटतात आणि बरणी उलटी केली की साखरेबरोबर ती ताटलीत पडते. माश्यांना काही होत नाही, पांढऱ्याफटक होऊन परत पेटीत जातात. यासाठी आबांनी माझी चांगली पांढरी ताटली कायमची पळवली होती. सासूबाईंचा त्यावरून रोजचा जप चालायचा, पण ताटलीत पुन्हा कुणी जेवलं नाही.

या हिवाळ्यात थंडी पडली तशी आबांनी ताटली नेली, दुपारी परत आणून मोरीपाशी ठेवली आणि ओट्यावरून मोठ्याने जाहीर केलं, "औंदा माशी साफ शे. औषधनी गरज नही." मी भांडी घासायला बसले होते. ताटली हातात घेतली. तळाला साखरेचा थर होता आणि त्या साखरेत तांबडे ठिपके चालत होते. एक-दोन नव्हे. मी बोटाने साखर सारली तर खालून आणखी निघाले. मी ताटली उन्हात धरून पुन्हा पाहिली. मला वाटलं, आबांनी पाहिलीच नसेल. पण ते तर ओट्यावर ताटली गुडघ्यावर ठेवून बराच वेळ बसले होते, मी खिडकीतून बघितलं होतं.

मी सासूबाईंना बोलावून ताटली दाखवली. म्हटलं, "आई, आबासले सांगा, माइट शे. भलती शे. औषध आतेच देवं पडी." त्यांनी वाकून बघितलं, पदराला हात पुसले आणि ओट्यावर गेल्या. मी खिडकीशी कान लावला. सासूबाई म्हणाल्या, "सून म्हनस, ताटली चांगली साफ दिखनी."

आधी वाटलं, त्यांना कळलं नसेल. पण मी चार शब्दांत सांगितलं होतं आणि त्या काही भोळ्या नाहीत. त्या आत आल्या तशी मी दार लोटलं आणि विचारलं, "आई, मी काय सांगं आनि तुम्ही काय सांगं?" माझा आवाज चढला होता. त्यांनी मला हाताने बसायची खूण केली. दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "त्यासले दिखत नही."

मग सांगायला लागल्या. कधीपासून ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. आबा चालताना उंबरा पायाने चाचपतात, पेपर हातात धरतात पण पान उलटायचं विसरतात, लग्नाला गेलं की समोरचा बोलेपर्यंत ओळख देत नाहीत. "त्यासले वाटस, माले माहीत नही. तसंच राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तू ताटलीनं सांगं, म्हनजे डोयानं सांगं. मंग हाऊ मानूस खाटवर बसी आनि उठाव नही. माशी मरी ते दुसरी ई."

मला त्यांची दयाही आली आणि रागही आला. राग जास्त. माशी मेली तर दुसरी येईल हे ओट्यावरच्या पाहुण्याला सांगा. आबा सकाळी उठतात ते निंबाखाली जायला. पेट्या रिकाम्या झाल्या तर तेव्हाही ते खाटेवरच बसतील, आणि तेव्हा तर उठायला काही कारणच उरणार नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दखसूत." म्हणजे बघू. आमच्या घरात न करायच्या कामाला हा शब्द आहे.

संध्याकाळी नवऱ्याला फोन लावला. मागे ट्रकचे हॉर्न, हवेच्या पंपाचा आवाज. सगळं ऐकून तो म्हणाला, "तू आईले सांग ना, ती सांगी आबासले." मी म्हटलं, अरे, आईंनाच सांगितलं, म्हणून तर तुला सांगतेय. तो म्हणाला, "मंग मी येसू तवय दखसू." मी फोन ठेवला. मुलगा कुणाचा हे विचारायची गरज नव्हती.

त्यानंतरचे दिवस मला कशातच लक्ष लागेना. धुणं घेऊन नदीकडे जाताना मी वाकडी वाट करून निंबाजवळून जायची. पेट्यांसमोरच्या मातीत माश्या चालत होत्या. माशी चालायला लागली की समजावं, तिला उडता येत नाही. त्यांच्या पंखांच्या जागी चुरगळलेल्या चिंध्या होत्या. मी एक उचलून तळहातावर घेतली तर ती बोटाच्या टोकापर्यंत चढून गेली, थांबली आणि खाली पडली. शेजारच्या गुजर शेतकऱ्याच्या शेतात कांद्याचे दांडे वर आले होते. टोकाला गोंडे होते, अजून पातळ सालीत मिटलेले. मी रोज ते गोंडे बघायची. थंडी सरत होती, दुपारी ऊन चटका देऊ लागलं होतं, आणि माझं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललेला. रात्री कूस बदलून बदलून अंथरुणाचं गाठोडं व्हायचं. सकाळी भाकरी करपायची. सासूबाई म्हणायच्या, "तुन्हं ध्यान कोठे शे?" त्यांना चांगलं माहीत होतं कुठे आहे ते.

आबांचं जेवण शेतात पोचवायचं काम माझं. डबा निंबाच्या बुंध्याशी ठेवायचा, बांगड्या जरा वाजवायच्या आणि मागे फिरायचं, अशी पद्धत. त्या दिवशी सासूबाई बाजाराला तळोद्याला गेल्या होत्या. डबा भरताना माझं लक्ष खुंटीला टांगलेल्या जाळीच्या टोपीकडे गेलं. नवऱ्याची होती. त्याने एकदाच घातली होती, तरी माशी आत शिरून त्याचा ओठ सुजला, आणि त्याने माश्यांचा नाद सोडला. मी पदर खोचला आणि टोपी डोक्यावर चढवली. जाळी थेट छातीपर्यंत आली. आरशात बघितलं तर माझं तोंड मलाच दिसेना. म्हटलं, लाजच राखायची ना, घ्या. याहून जास्त काय झाकणार?

आबा एका पेटीपुढे उकिडवे बसले होते. माझ्या पावलांच्या आवाजाने त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "कोन शे?"

दुपारचं लख्ख ऊन होतं. मी त्यांच्यापासून दोन बैलगाड्या लागतील इतक्याही अंतरावर नव्हते. जाळी घातली तरी लुगड्यातली बाई आणि हातात डबा, गावात दुसरं कोण येणार? त्यांना कुणीतरी उभं आहे एवढंच दिसत होतं.

"मी शे, आबा," मी म्हटलं.

त्यांनी लगेच तोंड दुसरीकडे फिरवलं. मला वाटलं, आता उठून जातील. उठले नाहीत. पेटीशी बोलावं तसे म्हणाले, "घरमा काही व्हयनं का?"

"घरमा नही. आठे व्हयनं." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. म्हटलं, माश्या जमिनीवर चालतात, पंख नाहीत. ताटलीत माइट होती, मी स्वतः पाहिली, भरपूर होती. कांदा फुलायच्या आत औषध नाही दिलं तर एक पेटी उरणार नाही. आबा म्हणाले, "मी सोता दखी. साफ व्हती." मी म्हटलं, "साफ नव्हती, आबा. तुमले दिखनी नही."

हे बोलून मीच घाबरले. सासऱ्यांशी पहिल्यांदा बोलले आणि काय बोलले तर हे. आबांनी माश्यांना धूर द्यायचं धुराडं उचललं, त्याचा भाता दोनदा दाबला. त्यात विस्तव नव्हताच. मग त्यांनी अवजारांच्या डब्यात हात घालून चाचपत एक लहानशी प्लॅस्टिकची बाटली काढली आणि माझ्याकडे न बघता पुढे केली. डोळ्यांत टाकायचे थेंब होते.

"नंदुरबारले दाखाडं," ते म्हणाले. "काचबिंदू शे. डॉक्टर म्हने, गयं ते गयं, वापस येवाव नही. ऱ्हायनं ते टिकाडाले हाई टाकनं." बाटली परत घेत म्हणाले, "तुन्ही सासूले माहीत नही. तसंच राहू दे. ती झुरी झुरी मरी."

मी जाळीच्या आत रडत होते आणि जाळीमुळे डोळे पुसता येत नव्हते. त्यांना ते दिसलं नाही, आणि त्याचंच मला आणखी रडू आलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सिरिंजवरन्या रेघा दिखतीस का तुले?" मी म्हटलं, दिसतील. "मंग सकाय ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन जरा चढल्यावर आम्ही पेट्या उघडल्या. सासूबाईंना मी सांगितलं होतं की आबांना पेट्या हलवायला हात हवाय. साखरेचा पाक मी घरूनच करून नेला होता. औषध म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिडची पूड, ती आबांच्या डब्यात गेल्या वर्षीची होती. पुडीवरचं मी वाचून दाखवायचं, तोलून त्यांना सांगायचं आणि पाकात विरघळवायचं. हातमोजे, जाळी, दोघांनाही. मग ते झाकण काढून धूर देत आणि मी बिनसुईच्या सिरिंजने पोळ्यांच्या दोन चौकटींच्या मधल्या फटीत, माश्या बसल्या असतील तिथे, बारीक धार सोडत जायची. धार जाड झाली तर माश्याच मरतात. मी थेंब मोजून सोडत होते. आबा ओरडले, "इतली हळू? दिन बुडी जाई." मी म्हटलं, "मंग तुम्हीच करा." बोलून गेले आणि जीभ चावली. पण ते हसले. मी त्यांना हसताना इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं.

प्रत्येक पेटीला ते विचारत, "काय दिखस?" आणि मी सांगे. माश्या किती फटींत आहेत, पिल्लं आहेत का, राणी दिसली का. ते मान डोलवत. रांगेच्या टोकाला त्यांची पहिली पेटी होती, ट्रकवाल्याकडून घेतलेली, तिचा निळा रंग पार उडालेला. झाकण उघडलं आणि मला कुजका वास आला. चौकटीवर मूठभर माश्या होत्या, एकमेकींना बिलगून. पिल्लांवरची झाकणं आत खचलेली, काळपट, मध्येच भोकं पडलेली. एकेका माशीच्या पाठीवर माइट दिसत होती, शोधावीही लागत नव्हती. राणी कुठेच नव्हती.

"काय दिखस?" आबांनी विचारलं.

बरी आहे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला. सासूबाईंवर मी इतके दिवस दात खात होते, आणि त्यांनी ओट्यावर जाऊन जे केलं ते करायला मला एक क्षण पुरला असता. आबा मान वर करून उभे होते, माझ्या उजव्या खांद्याच्या जरा पलीकडे बघत.

"ही गयी, आबा," मी म्हटलं. "राणी नही. माशी मूठभर शे, आनि ती बी जाई. औषधना उपेग नही."

त्यांनी हातमोजा काढला आणि उघडा हात चौकटीवर ठेवला. माश्या त्यांच्या बोटांवर चढल्या. एकीनेही दंश केला नाही, तेवढी ताकदच उरली नसेल. मग त्यांनी झाकण लावलं. "बाकीन्या?" "बाकीन्या धट शेतीस. कांदाले जातीन." ते म्हणाले, "बरं. आसंच सांगत जाय." पुढच्या काही दिवसांत मी पेट्यांच्या तळाला तेल लावलेले कागद सरकवले. ते बाहेर काढले की वर तांबड्या माइटचा सडा पडलेला असायचा. मी आबांना सांगायची, आजही खूप पडली. पेट्यांसमोर चालणाऱ्या माश्या कमी झाल्या. कांदा फुलला तेव्हा शेजारच्या शेतातून आमच्या निंबाकडे माश्यांची ये-जा लागली होती. तरीही मला स्वस्थ वाटेना.

कारण घरी मी पुन्हा पदरात. जाळी खुंटीला, आणि माझ्या पोटात दोघांच्या दोन गोष्टी. आबांनी सांगितलं सासूबाईंना सांगू नको, सासूबाईंनी सांगितलं आबांना सांगू नको. निरोप नेणारीवर मी इतकी वर्षं चिडले आणि आता निरोप अडवणारी मीच. चूल पेटवताना, पाणी भरताना, सारखं वाटायचं, आता कुणीतरी काहीतरी विचारेल आणि माझं तोंड सुटेल.

एका संध्याकाळी दूध नासलं. सासूबाईंनी कोराच चहा टाकला. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "इतला दिन झायात तू जास त्यासनासंगे. त्यासले कळनं का, माले माहीत शे ते?" मी म्हटलं, "नही." "मंग बरं," असं म्हणून त्या चहा घेऊन ओट्यावर गेल्या. लाइट गेलेली होती, ओट्यावर अंधारून आलं होतं. मी खिडकीत उभी राहिले. आबांनी ग्लास हातात घेतला, त्यात वाकून बघितलं, आणि आपल्याला दिसतं आहे हे ऐकू यावं अशा आवाजात म्हणाले, "आज दूध जास्तच पडनं."

सासूबाईंनी त्या काळ्या चहाकडे बघितलं. "हा," त्या म्हणाल्या. "हात सुटना मन्हा."

आबांनी घोट घेतला आणि ते थांबले. कोऱ्या चहात दूध जास्त पडल्याचं कबूल करणाऱ्या बायकोला काय काय माहीत आहे, ते त्यांना त्या घोटात कळलं असणार. मला वाटलं, आता ग्लास खाली ठेवतील. त्यांनी तो शेवटपर्यंत संपवला, मग हात पुढे केला, तो सासूबाईंच्या हाताला लागेपर्यंत.

"जास्त पडनं, तरी चांगला व्हयना," ते म्हणाले.